‘जोडीदाराचं व्हॉट्सॲप बघा’ म्हणणारी ॲप्स : आत नेमकं काय आहे

गूगलवर किंवा यूट्यूबवर ‘नवऱ्याचं व्हॉट्सॲप कसं बघायचं’, ‘मुलाचं इन्स्टा कसं चेक करायचं’ असं काही टाकलं की ॲपची रांगच लागते. नावात स्पाय, ट्रॅकर, मॉनिटर नाहीतर पॅरेंटल, जाहिरातीत ‘फोनमध्ये दिसणारच नाही’ची हमी, खाली पाच तारे. त्या रांगेतल्या मालाचं हे परीक्षण. ॲप फोनमध्ये कसं शिरतं, आत गेल्यावर कशाकशाला हात घालतं, उचललेला माल कुठे नेऊन ठेवतं आणि तिथून तो कसा सांडतो, एवढंच यात पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो : यातलं एकही ॲप विकत तर सोडाच, फुकटसुद्धा घेऊ नये. दुसऱ्याचं चोरून वाचणं वाईट, हे आहेच. पण तो मुद्दा घटकाभर बाजूला ठेवला तरी माल म्हणून हा माल नासका आहे. ज्याच्या फोनमध्ये टाकता त्याचं नुकसान होतंच, पण टाकणाऱ्याचं नाव, ईमेल, पासवर्डही त्याच पोत्यात जातात, आणि हे पोतं फाटल्याचे दाखले आता डझनांनी आहेत.

एका शोधात चार वेगळ्या जातीचा माल मिसळलेला असतो. पहिला, महिन्याचं भाडं घेऊन फोनवर पाळत ठेवणारी ॲप्स. इंग्रजीत यांना स्टॉकरवेअर म्हणतात. दुसरा, जीबी व्हॉट्सॲपसारखी फेरफार केलेली ॲप्स. तिसरा, लास्ट सीनवर नजर ठेवणारे ट्रॅकर आणि ‘तुमचं प्रोफाइल कोणी पाहिलं’ सांगणारी ॲप्स. चौथा माल म्हणजे ‘फक्त नंबर टाका, सगळे चॅट मिळवा’. यावर वेळ घालवायलाच नको. नुसत्या नंबरावरून कुणाचे व्हॉट्सॲप मेसेज काढून देणारं ॲप बाजारात मिळत नाही. हिरव्या अक्षरांची पट्टी ९९ टक्क्यांपर्यंत सरकते, मग ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून सर्व्हे भरायला लावतात, एखादं भलतंच ॲप डाउनलोड करायला लावतात किंवा यूपीआयने पैसे मागतात. टेलिग्रामवरचे ‘हॅकर’ही याच गोत्रातले. आधी थोडे पैसे, मग ‘सर्व्हर चार्ज’, आणि शेवटी ‘आता पोलिसांना सांगू का?’ अशी उलटी धमकी.

भाड्याची पाळत

खरा विचार करावा लागतो तो पहिल्या जातीचा, कारण ही ॲप्स काम करतात. परदेशी कंपन्यांचा एका महिन्याचा दर चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात असतो. वर्षाचे एकदम भरले तर महिन्याचा हिशेब उतरतो. पण काम करण्यासाठी त्यांना फोन हातात लागतो, तोही अनलॉक केलेला. ‘दुरून बसवता येतं’ ही अँड्रॉइडच्या बाबतीत सरळ थाप आहे.

प्ले स्टोअरवर ही ॲप्स नसतात. जोडीदारावर गुपचूप पाळत ठेवणारी ॲप्स तिथल्या नियमात बसत नाहीत. देखरेखीचं ॲप तिथे ठेवायचं असेल तर ते मुलांसाठी किंवा कंपनीच्या फोनसाठी असावं लागतं, आणि आपण चालू आहोत याची सूचना त्याने सतत पडद्यावर ठेवावी लागते. गूगलने ऑगस्ट २०२० पासून अशा मालाच्या जाहिरातींवरही बंदी घातली. म्हणून कंपनी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट बसवायची ॲपची फाइल, देते आणि सोबत एक ‘मार्गदर्शिका’ देते. परीक्षणासाठी सगळ्यात बोलकी वस्तू हीच, कारण तिच्यातली प्रत्येक पायरी फोनचं एकेक कुलूप काढते.

ब्राउझरला अज्ञात ॲप बसवण्याची परवानगी द्यायची. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधली ॲप्स तपासणारा गूगलचा राखणदार, बंद करायचं, कारण ते चालू असलं तर असली ॲप्स पकडण्याची शक्यता असते. मग ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन ॲक्सेस, लोकेशन ‘नेहमी’, माइक, कॅमेरा आणि डिव्हाइस ॲडमिन अशा सगळ्या परवानग्या द्यायच्या. बॅटरी बचतीतून ॲपला सूट द्यायची. शेवटी आयकॉन लपवायचा आणि ब्राउझरच्या हिस्ट्रीतून डाउनलोडची खूण पुसायची. यानंतर सेटिंग्जच्या यादीत हे ॲप ‘सिस्टीम सर्व्हिस’, ‘सिंक’ किंवा ‘वायफाय’ अशा बिनचेहऱ्याच्या नावाने बसतं.

यातली ॲक्सेसिबिलिटीची परवानगी नीट समजून घ्या. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या ॲपसाठी ही सोय आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावर जे जे उमटतं ते वाचू शकतं, आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं. व्हॉट्सॲपचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन इथे कामाचं नाही. ते मेसेजला वाटेत झाकतं. पडद्यावर मेसेज उघडाच असतो. पण मग फोनपेची शिल्लक, बँकेचा ओटीपी, डॉक्टरने पाठवलेला रिपोर्ट आणि ऑफिसचा मेलही त्याच पडद्यावर उमटतो. ‘मला फक्त व्हॉट्सॲप बघायचंय’ असं त्या ॲपला सांगण्याची सोय नसते. नवऱ्याच्या फोनवर बसवलं तर नवऱ्याच्या मैत्रिणीचेच काय, सासूबाईंच्या औषधांचे, मुलीच्या शाळेच्या ग्रुपचे, सोसायटीच्या हिशेबाचे मेसेजसुद्धा एका परदेशी सर्व्हरवर जातात.

दुसरी गोची अज्ञात ॲपच्या परवानगीची. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ज्या ॲपमधून फाइल उघडली त्या ॲपला मिळते. एकदा क्रोमला किंवा फाइल मॅनेजरला दिली की कुणी बंद करेपर्यंत चालूच राहते. प्ले प्रोटेक्टही बंद पडलेलं. अशा फोनवर पुढच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवरून ‘आरटीओ चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके फाइल आली, की तिला अडवणारं कुणी उरत नाही. आपल्याकडे या दोन्ही नावांनी फिरणाऱ्या फाइली एसएमएस वाचून ओटीपी पळवतात. खातं रिकामं झाल्यावर घरात चर्चा होते ती फाइलीवर क्लिक कुणी केलं याची. महिन्यापूर्वी प्ले प्रोटेक्ट कुणी बंद केलं होतं, हे कुणी विचारत नाही.

काही ॲप्सना जास्तीच्या सोयींसाठी फोन रूट केलेला लागतो, म्हणजे अँड्रॉइडचं मूळचं संरक्षणच काढून टाकावं लागतं. रूट केलेल्या फोनवर बँकांची अनेक ॲप्स उघडत नाहीत. त्यामुळे ‘गुपचूप’ बसवलेल्या ॲपचा बोभाटा बँकेचं ॲप करतं.

आता कामगिरी. जाहिरातीत ‘लाइव्ह’ लिहिलेलं असलं तरी डॅशबोर्डवर माहिती तुकड्यातुकड्यांनी येते. शाओमी, रिअलमी, विवो, ओप्पोच्या फोनमधली बॅटरी बचत मागे चालणारी ॲप्स निर्दयपणे बंद करते. मग तासन्तास काही येत नाही. व्हॉट्सॲपच्या पडद्याची मांडणी एखाद्या अपडेटमध्ये बदलली की वाचन चुकतं, नावं एकाची आणि मेसेज दुसऱ्याचे होतात. अर्धवट संभाषण वाचून संशय घेणाऱ्याला ही चूक कळतही नाही. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे नव्या फोनवर बसवतानाच बरेच जण अडकतात, आणि मग कंपनीच्या मदत कक्षाला चॅटवर सगळं सांगत बसतात : कुणाचा फोन, का बसवायचं, नातं काय. हे संभाषण लक्षात ठेवा, त्याचा विषय पुढे येतोय.

माल सांडतो कसा

या कंपन्यांचा धंदा पाहिला तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. फोनमधून माहिती उचलणारा भाग त्यांनी मन लावून बनवलेला असतो. ती माहिती ठेवायची कोठी मात्र ताट्याची. २०१७ पासून अशा वीसहून अधिक कंपन्यांची माहिती हॅक झाली किंवा उघड्यावर पडली.

कॅटवॉचफुल नावाचं ॲप स्वतःला ‘अदृश्य, ओळखता न येणारं’ म्हणवून विकत होतं. २०२५ मध्ये एका सुरक्षा संशोधकाला आढळलं की लॉगिन न करताच त्याच्या डेटाबेसशी बोलता येतं. ६२ हजारांहून अधिक ग्राहकांचे ईमेल आणि पासवर्ड तिथे साध्या, वाचता येण्याजोग्या अक्षरांत पडले होते. २६ हजार फोनमधले फोटो, मेसेज, लोकेशन होतं ते वेगळंच. सगळ्यात जास्त फोन ज्या देशांतले होते त्यांत मेक्सिको आणि कोलंबियानंतर भारताचा क्रमांक होता.

पासवर्ड साध्या अक्षरांत ठेवणं म्हणजे काय, हे एकदा सांगायला हवं. कुठलीही बरी वेबसाइट पासवर्ड थेट साठवत नाही. त्यापासून तयार केलेला, उलटा फिरवता न येणारा ठसा साठवते. नवशिक्या प्रोग्रॅमरलाही हे शिकवतात. इथे तेवढंही नव्हतं. आणि तोच पासवर्ड जीमेललाही ठेवलेले महाभाग काही कमी नसणार.

द ट्रुथ स्पायची कथा आणखी लांब. एकच कारखाना, पाट्या अनेक : कॉपी९, एमएक्सस्पाय, आयस्पायू, गेस्टस्पाय, फोनट्रॅकर अशी त्याची भावंडं एकाच सर्व्हरवर चालत. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेकक्रंच या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या साइटने दाखवलं की या सगळ्यांत एकच भोक आहे. वेबसाइटला माहिती मागताना त्यातला क्रमांक बदलायचा, की दुसऱ्याच्या फोनची माहिती येते. ‘ही मागणारी व्यक्ती कोण’ हे सर्व्हर तपासतच नव्हता. लाखो फोनची माहिती अशी उघडी होती. हा दोष आयडीओआर या प्रकारातला. लॉकरवाल्या बँकेत एकच किल्ली सगळ्या लॉकरना लागावी, तसा. ऑगस्ट २०२५ मध्ये याच कंपनीत पुन्हा एक भोक निघालं : कुणालाही कुठल्याही ग्राहकाचा पासवर्ड बदलता येत होता. त्यावर चालकाचं उत्तर असं, की सोर्स कोडच हरवलाय, त्यामुळे दुरुस्त करता येत नाही. एखाद्या बेकरीवाल्याने ‘पावात काय घालतो ते आता आठवत नाही’ म्हणावं, आणि लोकांनी पाव घेत राहावा.

कोकोस्पाय आणि स्पायिक ही जुळी ॲप्स. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्यातल्या दोषातून कोकोस्पायच्या सुमारे १८ लाख आणि स्पायिकच्या पावणेनऊ लाख ग्राहकांचे ईमेल बाहेर आले. पाठोपाठ त्याच कुटुंबातलं स्पायझी आलं; त्यात पाच लाखांहून अधिक अँड्रॉइड फोन आणि सुमारे ४,९०० आयफोन-आयपॅड गुंतलेले होते.

मदत कक्षाच्या त्या चॅटचं काय झालं ते एमस्पायने दाखवलं. या धंद्यातलं हे जुनं आणि मोठं नाव. २०१५ आणि २०१८ मध्ये यांची माहिती आधीच फुटली होती. २०२४ मध्ये फुटला तो ग्राहक-मदतीचा साठा : १०० जीबीहून जास्त, २०१४ पासूनचा, २४ लाख वेगवेगळ्या ईमेल पत्त्यांसह. ‘बायकोच्या फोनवर बसत नाहीये, काय करू’ अशा स्वरूपाचे प्रश्न, पाठवणाऱ्याच्या ईमेलसकट. पाळत ठेवणाऱ्यांना आपण निनावी आहोत असं वाटत असतं. या एका साठ्याने तो समज कायमचा मोडला.

पीसीटॅटलटेल संगणकाच्या पडद्याची चित्रं टिपायचं. ते अमेरिकेतल्या काही हॉटेलांच्या चेक-इनच्या संगणकांवर सापडलं, म्हणजे पाहुण्यांच्या नोंदींचे स्क्रीनशॉट बाहेर जात होते. मे २०२४ मध्ये त्यांची वेबसाइट कुणीतरी विद्रूप केली, सर्व्हरमधला डेटा उघड झाला आणि मालकाने कंपनी बंद केली. पोलंडचं लेटमीस्पाय जून २०२३ मध्ये हॅक झालं आणि ऑगस्टअखेर गुंडाळलं गेलं. म्हणजे वर्षाचे पैसे एकदम भरण्यात असाही धोका आहे, असं एखादा व्यवहारी ग्राहक म्हणेल.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये रेटिना-एक्स या कंपनीवर कारवाई केली. तिची ॲप्स बसवायला फोनचं मूळ संरक्षण मोडावं लागतं, हा तक्रारीतला मुख्य मुद्दा होता. त्याआधी कंपनी दोनदा हॅक झालेली होती. २०२१ मध्ये स्पायफोन विकणाऱ्या कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला पाळतीच्या धंद्यातूनच बाहेर काढण्याचा आदेश निघाला. पण या मालाची पाटी बदलायला वेळ लागत नाही. जुन्या नावाला बट्टा लागला की तोच कोड नव्या नावाने बाजारात येतो. म्हणून ‘मग त्यातल्या त्यात चांगलं कुठलं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. आज न फुटलेलं ॲप म्हणजे अजून कुणी न तपासलेलं ॲप.

आयफोनवर वेगळी तऱ्हा

आयफोनमध्ये बाहेरचं ॲप असं टाकता येत नाही, म्हणून बहुतेक कंपन्या आयक्लाउडचा रस्ता धरतात. समोरच्याचा ॲपल आयडी आणि पासवर्ड तुम्ही त्यांच्या वेबसाइटवर भरायचा; त्यांचा सर्व्हर त्या नावाने आत शिरून बॅकअप उचलतो. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, चालू असेल तर सहा आकडी कोडही लागतो, आणि तो समोरच्याच्याच फोनवर येतो. घरातल्या माणसाच्या फोटो, संपर्क, नोट्सच्या तिजोरीची किल्ली परक्या कंपनीच्या हवाली करणं म्हणतात ते हेच. स्वतःचा आयफोन वापरणाऱ्याने सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप करून खाली जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी. आयओएस १६ पासून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘सेफ्टी चेक’ आहे. कुणाला काय दिसतंय ते तिथे एकत्र कळतं आणि एका फटक्यात बंदही करता येतं. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला एन्क्रिप्शन लावण्याची सोय २०२१ पासून आहे. ती बहुतेकांनी चालू केलेली नसते.

जीबी व्हॉट्सॲप आणि भावंडं

हा माल विकत घ्यावा लागत नाही आणि स्वतःच्याच फोनवर बसतो, म्हणून लोकांना निरुपद्रवी वाटतो. डिलीट केलेले मेसेज बघा, ब्लू टिक लपवा, दुसऱ्याचं स्टेटस पाहूनही त्याला कळू देऊ नका, स्वतःचं लास्ट सीन गोठवून ठेवा. छोटी हेरगिरी. जीबी, एफएम, यो अशी नावं. सगळी मूळ व्हॉट्सॲप फोडून, त्यात भर घालून पुन्हा बांधलेली.

ही बांधणी कोण करतो, हाच यातला खरा प्रश्न. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये एफएमव्हॉट्सॲपच्या १६.८०.० आवृत्तीत ट्रायडा हा ट्रोजन, म्हणजे दुसऱ्या ॲपच्या आड लपून शिरणारा घातक प्रोग्रॅम, शोधला. जाहिरात दाखवणाऱ्या भागातून तो आत आला होता, आणि आत आल्यावर आणखी ॲप्स उतरवून, पैसे कापणाऱ्या सेवांचं सभासदत्व फोनच्या मालकाच्या नावे घेऊ शकत होता. एसएमएस वाचण्याची परवानगी व्हॉट्सॲप म्हणून दिलेलीच असते, त्यामुळे पुष्टीचा कोडही त्याला मिळतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये योव्हॉट्सॲपची २.२२.११.७५ ही आवृत्ती व्हॉट्सॲप खात्याच्या किल्ल्याच बाहेर पाठवताना सापडली. त्या किल्ल्यांवर तुमचं खातं दुसऱ्याला चालवता येतं. तिची जाहिरात स्नॅपट्यूबमध्ये दिसत होती आणि विडमेटच्या दुकानात ती वेगळ्या नावाने ठेवली होती. ही दोन्ही ॲप्स आपल्याकडे गाणी-व्हिडिओ उतरवायला सर्रास वापरली जातात. २०२३ मध्ये आणखी काही फेरफारी आवृत्त्यांत केन्सस्पाय नावाचं हेर सापडलं, जे दुरून हुकूम आला की माइकवरून रेकॉर्डिंग सुरू करी.

जून २०२३ मध्ये मुंबई पोलिसांना ‘गुलाबी व्हॉट्सॲप’बद्दल इशारा द्यावा लागला होता. रंग बदलण्याच्या हौसेने लोक लिंक दाबत होते आणि फोन गमावत होते.

शिवाय व्हॉट्सॲपला अशी ॲप्स ओळखू येतात. आधी तात्पुरती बंदी, ऐकलं नाही तर खातं कायमचं बंद. दुकानाचा नंबर त्यावर असेल तर गिऱ्हाईकही त्याच्यासोबत गेलं. आणि ज्या एका सोयीसाठी बहुतेक जण जीबी घेतात ती फुकटात फोनमध्येच आहे : अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, नोटिफिकेशन हिस्ट्री चालू करा. समोरच्याने डिलीट केलेला मेसेज नोटिफिकेशन म्हणून आला असेल तर २४ तास तिथे दिसतो.

लास्ट सीन, प्रोफाइल, स्कॅनर

लास्ट सीन ट्रॅकर मेसेज वाचत नाहीत. ते एका व्हॉट्सॲप खात्यातून दिवसभर तो नंबर ऑनलाइन कधी येतो ते टिपतात आणि आलेख काढून देतात. दोन नंबर टाकले की ‘दोघं एकाच वेळी ऑनलाइन’ असा रिपोर्ट. एकाच वेळी ऑनलाइन असणं म्हणजे एकमेकांशी बोलणं, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे. उपाय सोपा : प्रायव्हसीमध्ये ‘लास्ट सीन अँड ऑनलाइन’ला जाऊन लास्ट सीन ‘नोबडी’ आणि ऑनलाइन ‘सेम ॲज लास्ट सीन’ करावं.

‘इन्स्टा प्रोफाइल कोणी पाहिलं’ सांगणाऱ्या ॲप्सचा खुलासा एका ओळीत होतो. ती माहिती इन्स्टाग्राम कुणालाच देत नाही, म्हणून ॲपकडेही नसते. ॲपला मिळतो तो तुमचा पासवर्ड. नोव्हेंबर २०१५ मध्ये इन्स्टाएजंट नावाचं ॲप लोकांची नावं आणि पासवर्ड एन्क्रिप्ट न करता भलत्या सर्व्हरवर पाठवताना पकडलं गेलं. काही देशांत ते ॲपलच्या फुकट ॲप्समध्ये अग्रभागी होतं. दुकान अधिकृत असलं की माल तपासलेला असतो, हा समज तिथेच धुळीला मिळाला.

‘व्हॉट्स वेब स्कॅन’, ‘क्लोन’ अशा नावांची ॲप्स मात्र खरोखर चालतात, कारण ती व्हॉट्सॲप वेबच वापरतात. समोरच्याचा फोन अर्धा मिनिट हातात आला की क्यूआर कोड स्कॅन होतो. त्याच वेळी व्हॉट्सॲपचे सगळे चॅट मधल्या त्या ॲपच्या खिडकीतून जातात, म्हणजे बघणारे दोन झाले. व्हॉट्सॲपमध्ये तीन टिंबं, मग ‘लिंक्ड डिव्हाइसेस’. अनोळखी नाव दिसलं की त्यावर टॅप करून ‘लॉग आउट’.

मुलांचं काय

आईवडिलांची काळजी खरी असते, पण हा माल त्या काळजीचंही ऐकत नाही. मुलीच्या फोनमधले फोटो कॅटवॉचफुलसारख्या कोठीत नेऊन ठेवणं म्हणजे कुंपणानेच शेत खाणं. गूगलचं फॅमिली लिंक आणि आयफोनचा स्क्रीन टाइम मेसेज वाचून देत नाहीत, पण ॲपची परवानगी आणि वेळेची मर्यादा देतात, फॅमिली लिंक लोकेशनही देतं, आणि मुलाला ते बसवलेलं माहीत असतं. इन्स्टाग्रामची टीन अकाउंट्स फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात सुरू झाली. देखरेख चालू केली तर गेल्या सात दिवसांत मूल कुणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. बहुतेक घरांना एवढं पुरतं.

कायदा

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार पुरुषाने स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणं हा पाठलागाचाच गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्या खेपेला तो अजामीनपात्र. कलमात अपवाद दिलेत, त्यांत ‘नवरा असल्यास’ असा अपवाद नाही. फोन बायकोने नवऱ्याचा उघडला तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ उरतंच : परवानगीशिवाय उपकरणात शिरणं, माहिती काढणं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या खटल्यात जोडीदाराच्या गुपचूप केलेल्या रेकॉर्डिंगचा पुरावा घेता येईल असं म्हटलं, तेव्हापासून ॲप विकणारे त्याचा दाखला देतात. पुरावा ग्राह्य धरणं वेगळं आणि तो मिळवताना केलेल्या गुन्ह्याला माफी मिळणं वेगळं, एवढं वकिलाला विचारलं तरी कळेल.

आपल्या फोनमध्ये आहे का ते बघायचं तर

आधी एक गोष्ट. ॲप काढलं की बसवणाऱ्याला डॅशबोर्डवर ते कळू शकतं. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर काढण्याआधी सुरक्षित जागा ठरवा, आणि त्याबद्दलची चर्चा किंवा शोध त्या फोनवरून करू नका. पुरावा हवा असेल तर दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो घ्या, मग काढा. मदतीला ११२ आणि महिलांसाठी १८१. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३०.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करा, प्ले प्रोटेक्ट पाहा. तुम्ही बंद केलेलं नसताना ते बंद असेल, तर फोन दुसऱ्या कुणाच्या हातात होता अशी दाट शक्यता. चालू करून स्कॅन करा. मग सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीला जाऊन ‘डाउनलोडेड’ किंवा ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ची यादी बघा, बहुतेकांच्या फोनवर ती रिकामी असायला हवी. ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’मध्ये नोटिफिकेशन ॲक्सेस, यूसेज ॲक्सेस, डिव्हाइस ॲडमिन आणि इन्स्टॉल अननोन ॲप्स, या चार याद्या. सॅमसंग, शाओमीवर वाटा थोड्या वेगळ्या आहेत; सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत हीच नावं टाकली की सापडतात. संशयित ॲपच्या ‘ॲप इन्फो’त तळाशी ते कुठून आलंय ते बऱ्याच फोनवर लिहिलेलं असतं, तिथे प्ले स्टोअर नसेल आणि नाव ‘सिस्टीम’सारखं असेल तर दाट संशय घ्या. काही बँकांची ॲप्स ‘ॲक्सेसिबिलिटी चालू आहे’ म्हणत उघडायला नकार देतात, तीही खूणच. बॅटरी तापणं किंवा डेटा जास्त जाणं यावरून मात्र निष्कर्ष काढू नका, जुना फोन एरवीही तापतो.

काढताना आधी डिव्हाइस ॲडमिनची खूण काढा, नाहीतर ‘अनइन्स्टॉल’चं बटण फिकंच राहतं. तरी जमलं नाही तर सेफ मोडमध्ये सुरू करून काढा. कॅटवॉचफुलची एक गंमत : डायलरवर ५४३२१० लावून कॉलचं बटण दाबलं की लपलेलं ॲप स्वतःच पडद्यावर येतं. बसवणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवलेली ही चोरवाट, ती आता सगळ्यांना माहीत झाली. शेवटी पडद्याचा पिन बदला, आणि गूगलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला.

आणि ज्यांनी हे ॲप आधीच घेऊन ठेवलंय त्यांच्यासाठी : डॅशबोर्डवरचं ‘डिलीट अकाउंट’ दाबल्याने सर्व्हरवरचा साठा पुसला जाईल याची हमी नाही. ज्या ईमेलने नोंदणी केली तो ‘हॅव आय बीन पोन्ड’ या, ईमेल कुठल्या गळतीत सापडला ते सांगणाऱ्या साइटवर नोंदवून पडताळा. कोकोस्पाय, स्पायिक, एमस्पायच्या गळत्या तिथे आहेत. तिथे वापरलेला पासवर्ड आणखी जिथे जिथे असेल तिथे बदला. ज्या कार्डाने पैसे भरले त्याच्या नेटबँकिंगमध्ये स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा ई-मँडेट शोधून रद्द करा. ॲप काढलं तरी सभासदत्व दर महिन्याला आपोआप चालू राहतं.